गिअरबॉक्समधली अक्षता

आमच्या धारच्या घरात अजूनही असं बोललं जातं की जावयाला दिलेली गाडी मी ठेवून घेतली. बोलणारे सगळे माझ्यापेक्षा मोठे आहेत आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलतात, त्यामुळे त्यांची बाजू ऐकलेले लोक पुष्कळ आहेत. माझी बाजू मी लिहून ठेवते आहे. लिहिताना मध्ये कोणी बोलत नाही.

गाडी म्हणजे खरी मोटार नव्हे. हातभर लांबीची, रिमोटवर पळणारी रेसिंगची बग्गी. बाबांचे एक काका जहाजावर इंजिनिअर होते. एकदा सुट्टीवर येताना जपानहून त्यांनी ती सुट्या भागांच्या खोक्यात आणली, आणि धारच्या घरातल्या दोन भावांनी, म्हणजे माझे थोरले काका आणि बाबा यांनी, ती जोडली. जोडली दोघांनी, चालवली काकासाहेबांनी. मैदानात रिमोट त्यांच्या हातात असे. गाडी उलटली की पळत जाऊन ती सरळ करायची, हे बाबांचं काम. बाबा हे अगदी सहज सांगतात. वर "मला पळायला आवडायचं" असंही म्हणतात.

दोन वर्षांनी गाडी बंद पडली. त्याबद्दलची घरातली गोष्ट ठरलेली आहे. एका दसऱ्याला बाबांनी न विचारता ती बाहेर नेली आणि मोडून आणली. बाबा तेव्हा नववीत होते. ही गोष्ट दरवर्षी खंडेनवमीला निघते, कारण खंडेनवमीला ती गाडीही निघते. त्या दिवशी आमच्याकडे शस्त्रांची पूजा मांडतात. घराणं कधीकाळी दरबारी होतं, आता दोन तलवारी आणि एक कट्यार उरली आहे. मग पाट भरलेला दिसावा म्हणून त्यांच्या शेजारी शिलाई मशीन, काकूंची मोठी कात्री, स्कूटरच्या किल्ल्या, काकासाहेबांचा कॅल्क्युलेटर, आणि ही बग्गी. सगळ्यांना खोबरेल तेलाचं बोट, मग कुंकू, मग अक्षता. लोखंडाला तेल लावलं की गंज चढत नाही, हे बरोबरच आहे. बग्गी प्लास्टिकची आणि रबराची. तिला चमकावी म्हणून जरा जास्तच तेल.

उरलेलं वर्षभर ती काचेच्या कपाटात असायची. लहानपणी धारला गेले की मी त्या कपाटासमोर उभी राहायचे. मी देवासला वाढले. बाबांना इथल्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही इथलेच झालो. माझी शाळा इंग्रजी, बाहेर हिंदी, घरात मराठी, तीही धारच्या लोकांना पुरेशी न वाटणारी. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की बोलायचं असेल तर हात वर करायचा आणि थांबायचं. धारच्या घरात वर केलेला हात कोणी बघत नाही. तिथे बोलणं सुरू असतानाच आपलं बोलणं घुसवावं लागतं. ते मला जमलं नाही. "कॉन्व्हेंटची आहे, आपल्याशी काय बोलणार," असं काकासाहेब म्हणायचे आणि सगळे हसायचे, मीसुद्धा.

गेल्या वर्षी जानेवारीत काकासाहेबांच्या मुलीचं, माझ्या ताईचं, लग्न ठरलं म्हणून धारच्या घराचं रंगकाम काढलं. आम्ही मदतीला गेलो होतो. कपाटं रिकामी केली. फुटकी कपबशी, बंद घड्याळं, जुने ट्रान्झिस्टर असं सगळं एका पोत्यात जात होतं, भंगारवाल्यासाठी. काकासाहेबांनी बग्गी उचलली, दोन बोटांनी, कारण ती चिकट होती, आणि पोत्याच्या तोंडाशी धरली.

"काकासाहेब, ही मी नेऊ का?"

त्या घरात मी काही मागण्याची ती पहिली वेळ होती. काकू वर्तमानपत्रं गुंडाळत होत्या, त्यांनीसुद्धा मान वर केली.

"ने की," काकासाहेब म्हणाले. "तिला काय सोनं लागलंय? भंगार आहे. तुझ्या बापानंच केलंय तिचं भंगार."

मी ती टॉवेलात गुंडाळून देवासला आणली.

मी घरूनच काम करते. एका कंपनीची सॉफ्टवेअर तपासायची, चुका शोधून लिहून पाठवायच्या. दिवसभर चुका शोधणाऱ्या माणसाला संध्याकाळी आणखी एक बिघडलेली वस्तू समोर ठेवून बसावंसं का वाटावं, असं आईनं विचारलं होतं. उत्तर असं होतं की कंपनीत मी फक्त चूक दाखवते, दुरुस्त दुसरेच कोणी करतात.

माहितीपुस्तिका उरली नव्हती. परदेशातल्या एका हौशी माणसानं पानं स्कॅन करून ठेवली होती, मजकूर जपानी, पण चित्रं स्पष्ट. मी स्क्रू एकेक करून काढले आणि इडलीच्या साच्यात क्रमानं ठेवले. आईनं त्या महिन्यात इडली केली नाही.

गिअरबॉक्स उघडला तेव्हा थंडी होती आणि आत तेल गोठलेलं होतं. पांढरं नाही, गुलाबी. चाळीसहून जास्त खंडेनवम्यांचं खोबरेल आणि कुंकू, त्यात धूळ, केस, झेंडूची एक वाळलेली पाकळी. तेल फटीफटीतून आत उतरत गेलं होतं. मागचे टायर फुगून मऊ झाले होते, बोट लावलं तर ठसा राहत होता. मी जुना टूथब्रश, कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन बसले. बेसिन लाल झालं. आई म्हणाली, "कोणाचा खून करून आलीस का."

मोटरच्या दातेरी चाकाशेजारचा मोठा गिअर साफ करताना कळलं की त्याचे तीन दाते तुटलेले आहेत. चौथ्या दात्याच्या खाचेत काहीतरी रुतलं होतं. सुईनं काढलं. तांदळाचा दाणा. तेलानं काळा पडलेला, टोकाशी कुंकवाची लाली राहिलेली, आणि दगडासारखा टणक. आधी मला तो चाकाचाच तुकडा वाटला होता.

बाबा ऑफिसातून आले तेव्हा मी दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि कुठे सापडला ते सांगितलं. खंडेनवमीला अक्षता टाकल्या, एक दाणा फटीतून आत गेला, दुसऱ्या दिवशी दसऱ्याला गाडी चालवली आणि दाणा दात्यांत अडकला. यात शोधून काढण्यासारखं काही नव्हतं, दिसतच होतं. बाबांनी चष्मा वर करून दाणा बराच वेळ पाहिला.

"दादांना सांगू नकोस," ते म्हणाले.

"का?"

"कशाला. इतकी वर्षं झाली."

मी दाणा होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत ठेवला. फेकायचा नाही इतकंच तेव्हा ठरवलं होतं.

मोटर घेऊन मी मोटर वाइंडिंगच्या दुकानात गेले. दुकानात विहिरीच्या पंपांच्या मोटरी ओळीनं पडलेल्या, आणि मी रुमालातून लिंबाएवढी मोटर काढली. दुकानदार भिया, म्हणजे भैया, बराच वेळ ती फिरवून बघत राहिला. मग म्हणाला, "मोटर तो चंगी है बेटा, ब्रश घिस गए हैं. पर इसको नारियल तेल किसने पिलाया?" मी म्हणाले, घरच्यांनी. तो म्हणाला, "घरवाले प्रेम में ही मारते हैं." त्यानं ब्रश बदलून दिले, आतला तांब्याचा भाग पुसून दिला. पंप दुरुस्तीला आलेले दोन शेतकरी वाकून बघत होते. एरवी मी अशा दुकानात दोन मिनिटंही थांबले नसते. त्या दिवशी तासभर बसले.

टायर आणि गिअर परदेशातून मागवले, रिमोट आणि बॅटरी नवी घेतली. वरचं कवच पारदर्शक प्लास्टिकचं असतं आणि त्याला रंग आतल्या बाजूनं देतात, म्हणजे गाडी कितीही घासली तरी बाहेर रंग उडत नाही. त्याला तडे गेले होते. मी आतून जाळी चिकटवून ते जोडले. रंग तसाच ठेवला, दोन भावांनी दिलेला, कडेला थोडा ओघळलेला. नवा दिला असता तर गाडी छान दिसली असती. मला ती छान दिसायला नको होती, चालायला हवी होती.

एप्रिलमध्ये लग्न झालं. त्यानंतर काकासाहेब नव्या जोडप्याला देवासच्या टेकडीवर देवीच्या दर्शनाला घेऊन आले आणि दुपारी आमच्याकडे जेवायला थांबले. बग्गी खिडकीपाशी माझ्या टेबलावर होती, गिअर यायचा बाकी होता. जावईबापू बंगळुरूला असतात, बोलायला साधे. त्यांनी ती उचलली, उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "अरे वा, ही तर खरी व्हिंटेज आहे. अशी आता मिळत नाही."

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. जावयानं एखाद्या वस्तूला चांगलं म्हटलं की ती त्याची. कोणी तसा नियम केलेला नाही, पण आजोबांनी असा एक ग्रामोफोन दिल्याचं सांगतात. घरातल्या जुन्या जावयांना हे माहीत आहे, त्यामुळे ते सांभाळून असतात. आत्याचे यजमान तर पुरणपोळीलाही "ठीक" म्हणतात. नव्या जावयाला हे कोण सांगणार.

"आवडली?" काकासाहेब म्हणाले. "मग आपलीच समजा. पहिल्या दसऱ्याला याल तेव्हा रीतसर देऊ. ही तोवर तयार करून ठेवेल." ही म्हणजे मी.

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या हातात वाढायची कोशिंबीर होती. मी काहीच बोलले नाही. पुढे जे झालं त्यात माझी चूक कुठली असेल तर ही. न बोलणं म्हणजे होकार, हे त्या घराला सोयीचं होतं आणि मला ते माहीत होतं.

मे महिन्यात गिअर आला. बाबांच्या एका सहकाऱ्याचं टोंकखुर्दला शेत आहे, तिकडे एका रविवारी सकाळी आम्ही स्कूटरवर गेलो. शेत रिकामं होतं, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. बांधाकडेच्या वाटेवर मी गाडी ठेवली आणि रिमोटचा खटका दाबला. ती एकदम गेली. मागे धुळीची रेघ, आणि आवाज असा की झाडावरचे होले उडाले. शेतवाले काका पाणी पीत होते, ते तांब्या हातात धरून उभे राहिले. "बई, या तो खरगोस सरीखी भागे हे," ते म्हणाले. तिसऱ्या फेरीला ती भेगेत अडकून उलटली आणि मी काही म्हणायच्या आत बाबा पळत सुटले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, चपला घालून, काळ्या ढेकळांतून. गाडी सरळ करून ठेवली आणि कमरेवर हात ठेवून तिथेच धापा टाकत उभे राहिले, पुढची उलटण्याची वाट बघत. त्या दिवशी मी ठरवलं की मी ही गाडी देणार नाही.

ठरवणं आणि सांगणं यात चार महिने गेले. ऑगस्टमध्ये काकासाहेबांचा फोन आला. "काय म्हणतात आमच्या इंजिनिअरबाई? झाली का जावईबापूंची गाडी?" बाबांनी फोन माझ्याकडे दिला, मी "झाली" म्हणाले आणि परत दिला. बाबा नंतर म्हणाले, "देऊन टाक गं. आपण दुसरी बघू." मी विचारलं, "तुम्ही दुसरी बघितलीत का कधी?" ते वर्तमानपत्र वाचायला लागले. रात्री आई म्हणाली, "जे काय बोलायचं ते बोल, पण पाहुण्यांच्या ताटावर बोलू नकोस." आईचा पाठिंबा असाच असतो.

खंडेनवमीला आम्ही धारला गेलो. गाडी मी मांडीवर घेऊन बसले होते, बसमध्ये दोन तास. ताई आणि जावईबापू आदल्या दिवशीच आले होते. पाटावर तलवारी, कट्यार, कात्री, किल्ल्या मांडून झाल्या होत्या. आमच्याकडे ज्याचं हत्यार त्यानं आपल्या हातानं पाटावर ठेवायचं असतं. काकासाहेबांनी बग्गीसाठी हात पुढे केला. मी ती त्यांच्या हातात न देता स्वतः ठेवली. त्यांनी भुवया उंचावल्या, बाकी काही नाही.

तेलाचं बोट तलवारींना झालं, कट्यारीला झालं, मशीनला झालं. "आता आमच्या जावईबापूंची गाडी," असं म्हणून त्यांनी वाटीत बोट बुडवलं.

मी गाडीवर हात ठेवला. पंजा पुरा उघडून, कवचावर.

"तेल नाही लावायचं, काकासाहेब."

"हात काढ बाळ. पूजा चालली आहे."

"तेलानं टायर खराब होतात. अक्षताही नकोत."

"ऐकलंत का," ते काकूंकडे वळून म्हणाले. "इंजिनिअरबाई देवाला अक्षता नको म्हणतात."

"देवाला टाका. गाडीवर नको."

माझा आवाज नेहमीसारखाच बारीक होता. पण सगळे गप्प होते म्हणून तो पोचला. मी दुसऱ्या हातानं पर्समधली होमिओपॅथीची बाटली काढून पाटाच्या कडेला ठेवली आणि म्हणाले, "हा दाणा गिअरमध्ये होता. पूजेतला. त्यानं दाते तुटले. तुम्ही दरवर्षी सांगता की बाबांनी मोडली."

काकासाहेबांनी बाटली उचलली, समईच्या उजेडात धरली. आता ते हसण्यावारी नेणार, असं मला वाटलं. त्याआधी बाबा बोलले.

"जोर मीच लावला होता, दादा. गाडी पुढे जाईना म्हणून मी रिमोटची दांडी पुरी रेटली. ते खोटं नाही." मग म्हणाले, "पण दाणा मी टाकला नव्हता."

मी त्यांना गाडी मोडण्याच्या गोष्टीवर प्रत्येक वर्षी हसताना पाहिलं होतं. त्या दिवशी ते हसले नाहीत.

"बरं," काकासाहेब म्हणाले. "दाण्याचं राहू दे. गाडी मात्र उद्या जावईबापूंना जायची आहे. माझा शब्द गेलाय."

"त्याआधी मला दिला होतात. जानेवारीत. मी विचारलं, तुम्ही 'ने' म्हणालात. काकू होत्या."

"म्हणाला होतात," काकू समईची वात सारखी करत म्हणाल्या.

"मी भंगार ने म्हणालो होतो."

"हो," मी म्हणाले. "भंगारच नेलं."

ताईनं मान खाली घातली होती. जावईबापू म्हणाले, "काकासाहेब, मला खरंच चालेल. मी आपलं सहज म्हणालो होतो." पण ते खरं नव्हतं. ताईनं आदल्या रात्री आईला सांगितलं होतं की त्यांनी बंगळुरूच्या घरी गाडीसाठी काचेची पेटी करून घेतली आहे, आत दिवा लावून. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. तरी हात काढला नाही.

"निदान चालवायला मिळेल का?" त्यांनी विचारलं.

"मिळेल. देवासला या."

"उद्या इथे नाही?"

"उद्या बाबा चालवणार आहेत."

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. बाबांनाही नवीनच होतं.

काकासाहेबांनी तेलाची वाटी खाली ठेवली. गाडीला कुंकू मी लावलं, कोरडं, मागच्या पंखावर, जिथून काही आत जात नाही. आरती नेहमीच्या चालीत झाली. जेवताना कोणी माझ्याशी बोललं नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याची सवय आहे. जावईबापूंना दुसऱ्या दिवशी घरातली चांदीची अत्तरदाणी दिली. ती सुंदर आहे. त्यांनी तिला काही म्हटलेलं नव्हतं.

दसऱ्याच्या संध्याकाळी सगळे गावाबाहेर सीमोल्लंघनाला गेले. पूजा झाली, लोक एकमेकांना सोनं देऊ लागले, काकासाहेबांनी मला सोडून सगळ्यांना दिलं. मी पलीकडच्या मोकळ्या जागेत गाडी ठेवली आणि रिमोट बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा धरला होता. मी सरळ करून दिला. पहिल्यांदा त्यांनी खटका इतका हळू दाबला की गाडी नुसती थरथरली. मग एकदम दाबला. ती दगडावर चढली, हवेत गेली आणि उलटी पडली. बाबा सवयीनं रिमोट हातात घेऊनच पळायला निघाले, पण तोपर्यंत मी पोचले होते. मी ती सरळ केली आणि बाजूला झाले. असं सात-आठ वेळा झालं. माझी साडी पोटरीपर्यंत धुळीनं भरली. आई दुरून बघत होती.

अंधारायला लागलं तेव्हा काकासाहेब आमच्या बाजूला आले. हात मागे बांधून दोन फेऱ्या त्यांनी पाहिल्या. इतक्या वर्षांत ती पळताना त्यांनी पाहिली नव्हती.

"डावीकडे ओढतेय," ते कोणाकडेच न बघता म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "पुढचा दांडा वाकलाय."

"मला माहितीये तो कसा सरळ करायचा. इथेच ठेव. उद्या बघतो मी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी गाडी उचलली, चाकांची माती झटकली आणि ती काखेत धरली.

"नको, काकासाहेब," मी म्हणाले. "देवासला नेऊन मी करते."